ॲल्डोस्टेरॉन 'नॉर्मल' आलं, तरी बीपी का उतरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, पुरुष, चार वर्षांपासून बीपी. टेल्मिसार्टन ८०, ॲम्लोडिपिन १० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ या तीन गोळ्या न चुकता घेऊनही घरच्या मशीनवर १५०/९६ च्या आसपास. पोटॅशियम ३.३. फिजिशियननी रक्तातलं ॲल्डोस्टेरॉन आणि रेनिन तपासायला सांगितलं. ॲल्डोस्टेरॉन १८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं आणि लॅबच्या रेंजमध्ये बसलं. रेनिन ३ आलं आणि त्यापुढे 'लो' छापलं आहे. सॅम्पल घरी येऊन घेतलं होतं. तुम्ही विचारता, ॲल्डोस्टेरॉन नॉर्मल आहे म्हणजे हार्मोनचा संबंध नाही ना? आणि थायरॉइड, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन वगैरेंचं एकत्र 'हार्मोन पॅकेज' मिळतं, ते करून घ्यावं का?

संबंध आहे, आणि बहुधा दाट आहे. पॅकेज मात्र करू नका. आता दोन्हींची कारणं.

रेनिन तयार करते किडनी. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं किंवा किडनीला रक्ताचा दाब कमी वाटला की ती रेनिन सोडते. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन बनतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीला ॲल्डोस्टेरॉन सोडायला सांगतं. ॲल्डोस्टेरॉन लघवीतून जाणारं सोडियम परत खेचून घेतं आणि त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकतं. मीठ परत आलं की पाणी येतं, दाब वाढतो आणि किडनी रेनिन बंद करते. गच्चीवरची टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि मोटर बंद पडते, तसाच हा प्रकार. तुमच्या रिपोर्टमध्ये फ्लोट पूर्ण वर आला आहे, म्हणजे रेनिन झोपलं आहे. मोटर मात्र चालूच आहे. रेनिन इतकं दबलेलं असताना ॲल्डोस्टेरॉन चार-पाचच्या घरात उतरायला हवं होतं. ते १८ आहे. लॅबची रेंज ठरते ती निरोगी लोकांवरून, आणि त्यांच्यापैकी अनेकांचं रेनिन त्या वेळी जागं असतं. त्या रेंजमध्ये १८ बसतं, तुमच्या रेनिनसोबत बसत नाही. ॲड्रिनल अशी रेनिनच्या हुकमाविना ॲल्डोस्टेरॉन सोडत राहते त्या आजाराला प्रायमरी ॲल्डोस्टेरॉनिझम म्हणतात, आणि माझा संशय त्याचाच आहे.

म्हणून या दोन आकड्यांचं गुणोत्तर पाहतात. ॲल्डोस्टेरॉनला रेनिनने भागायचं. तुमचं येतं ६. तुमच्या लॅबने रेनिनचं थेट प्रमाण मोजलं आहे (मिलियुनिट प्रति लिटर, रिपोर्टवर मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर असेल तरी आकडा तोच). या पद्धतीत साधारण अडीच ते पावणेचारच्या वर गेलं की संशय घेतात. काही लॅब रेनिनचं प्रमाण न मोजता त्याची क्रियाशीलता मोजतात. तिथे हीच सीमा २० ते ३० असते. नेटवर कुणी '३० च्या वर असेल तरच आजार' असं लिहिलेलं वाचून माझं ६ म्हणजे काहीच नाही असं समजू नका, ती दुसऱ्या मोजपट्टीची गोष्ट आहे. घोळ इथेच संपत नाही. काही लॅब ॲल्डोस्टेरॉन पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात. तिथे तुमचे १८ हे १८० दिसतील, आणि तसेच ३ ने भागलेत तर ६० येईल आणि उगाच घाबरगुंडी उडेल. युनिट पाहिल्याशिवाय भागाकार करायचाच नाही.

गुणोत्तराचा आणखी एक दोष आहे. रेनिन ०.५ असेल तर ॲल्डोस्टेरॉन ४ असूनही ८ येतं, आणि त्याला फारसा अर्थ नसतो. वयस्कर माणसांत, किडनी दुखावलेल्या मधुमेहींत असं हमखास दिसतं. म्हणून ॲल्डोस्टेरॉन स्वतः निदान १० च्या पुढे असावं ही दुसरी अट घालतात. तुम्ही दोन्ही अटींत बसता.

तुमच्या बाबतीत माझा संशय सगळ्यात बळकट करतात त्या तुमच्या गोळ्या. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचा रस्ता अडवतं, क्लोरथॅलिडोन मीठ बाहेर काढतं. दोन्हींमुळे रेनिन वर उसळायला हवं. या गोळ्या चालू असताना रेनिन बरं दिसलं तर आजार नाही असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण औषधाने ते खोटं वाढलेलं असू शकतं. पण या गोळ्या चालू असूनही रेनिन ३ वरच पडून असेल, तर त्याला कुणीतरी जोर लावून दाबतं आहे. बीटा ब्लॉकर नेमकी उलटी चाल खेळतात. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, किंवा मायग्रेनसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल रेनिन खाली ओढतात आणि गुणोत्तर खोटंच वाढवतात. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसुद्धा तेच करतात, शिवाय बीपीही वाढवतात. ही गोळी पेशंट सहसा सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते 'औषध' नसतंच.

पोटॅशियमबद्दल. ३.३ चा दोष क्लोरथॅलिडोनवर ढकलता येईल, आणि काही अंशी तो असेलही. पण कमी पोटॅशियम स्वतःच ॲल्डोस्टेरॉनला खाली आणतं. म्हणजे तुमचे १८ हे दाबलेले १८ असू शकतात. पोटॅशियम ४ च्या आसपास आणून पुन्हा मोजलं तर आकडा वाढलेला दिसेल. उलट, या आजारात पोटॅशियम कमी असायलाच हवं असंही नाही. अर्ध्याहून अधिक पेशंटचं ते नॉर्मल असतं. पोटॅशियम घसरेपर्यंत वाट पाहायची जुनी सवय हे हा आजार हातातून निसटण्याचं मोठं कारण आहे.

ही सवय कुठून आली त्याला इतिहास आहे. रेनिन १८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांना सशाच्या किडनीच्या अर्कात सापडलं; ॲल्डोस्टेरॉन मात्र १९५३ पर्यंत, लंडनच्या सिम्पसन आणि टेट या जोडीपर्यंत, हाती लागलं नव्हतं. त्यानंतर लगेच अमेरिकेत मिशिगनच्या जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. बीपी वाढलेलं, हातापायांत गोळे येत, पोटॅशियम फार कमी. ॲड्रिनलची गाठ काढली आणि सगळं ताळ्यावर आलं. १९५५ मध्ये कॉन यांनी हे प्रसिद्ध केलं आणि आजाराला त्यांचं नाव पडलं. पुढे त्यांनी म्हटलं की बीपीच्या पेशंटपैकी बऱ्याच जणांत, अगदी पाचात एका माणसात, हे असू शकेल. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पाठ्यपुस्तकांत 'एक टक्क्याहून कमी' छापलं गेलं, आणि माझ्या पिढीचे डॉक्टर तेच पाठ करून परीक्षा पास झाले. शोधायचं फक्त पोटॅशियम कमी असलेल्यांत, मग सापडणार किती? १९८१ मध्ये जपानमध्ये हिरामात्सु आणि सहकाऱ्यांनी गुणोत्तर वापरून चाळणी लावली, ती पुढे जगभर पसरली आणि आकडे वाढू लागले. आज बीपीच्या सरसकट पेशंटमध्ये ५ ते १० टक्के आणि तीन गोळ्यांनाही न जुमानणाऱ्यांत २० टक्क्यांच्या आसपास हे प्रमाण धरलं जातं. २०२० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात भरपूर मीठ दिल्यावर लघवीतलं ॲल्डोस्टेरॉन मोजलं. बीपी नसलेल्यांतही सुमारे ११ टक्के लोकांत ते वाजवीपेक्षा जास्त निघालं, आणि जास्त बीपी असलेल्यांत २२ टक्के. म्हणजे आजार आहे किंवा नाही अशी सरळ रेघ इथे नाहीच. चढ आहे, आणि प्रत्येकजण त्यावर कुठेतरी उभा आहे. कॉन यांचा अंदाज फार चुकला नव्हता.

आता सॅम्पल. लोक सकाळी साडेसहाला अंथरुणातून उठून, उपाशीपोटी, घरी आलेल्या माणसाला हात देतात. या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही. गरज आहे ती उठून दोन तास तरी वावरण्याची, मग पाच ते पंधरा मिनिटं बसायची आणि मग रक्त द्यायची. झोपलेल्या माणसाचे दोन्ही आकडे वेगळे येतात. दुसरी गोष्ट बर्फाची. घरून घेतलेली सॅम्पलं बर्फाच्या डब्यात ठेवायची पद्धत आहे, आणि बहुतेक तपासण्यांना ते चालतं. रेनिनला चालत नाही. थंडीत रक्तातलं प्रोरेनिन हे निष्क्रिय रूप रेनिनमध्ये बदलतं आणि आकडा खोटा वाढतो, म्हणजे असलेला आजार झाकला जातो. तुमचं सॅम्पल बर्फात गेलं असेल तरी निष्कर्ष फिरत नाही, कारण चूक झाली असती तर ती रेनिन वाढवण्याकडे झाली असती. पुन्हा तपासाल तेव्हा मात्र लॅबमध्ये जाऊन द्या. रक्त काढताना मूठ वारंवार उघडमीट करू नका, त्याने पोटॅशियम खोटं वाढतं.

मिठाचाही घोळ असतो. बीपी निघालं की घरातून लोणचं-पापड हद्दपार होतात, ते चांगलंच आहे. पण तपासणीच्या आधी आठवडाभर कडक अळणी खाल्लं तर रेनिन जागं होतं आणि चित्र पुसट होतं. नेहमी जेवता तसंच जेवून या. जाता जाता, सैंधव हेही सोडियम क्लोराइडच आहे. उपवासाला चालतं म्हणून बीपीला चालत नाही. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. पुढे तुम्हाला स्पायरोनोलॅक्टोन ही ॲल्डोस्टेरॉनचं काम अडवणारी गोळी लागली, तर तिच्यासोबत ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

पुढे काय? गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, हे आधी. काही केंद्रांत तपासणीआधी टेल्मिसार्टन दोन आठवडे आणि स्पायरोनोलॅक्टोन असेल तर चार आठवडे थांबवून तेवढ्यापुरतं प्रॅझोसिन, डॉक्साझोसिन किंवा व्हेरापॅमिल देतात. बीपी १५०/९६ असताना आणि रेनिन आधीच इतकं स्पष्ट असताना तुमच्यात त्याची निकड मला वाटत नाही. पोटॅशियम भरून काढून, याच गोळ्यांवर चाचणी एकदा पुन्हा करावी. तेच चित्र आलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, जा. ते बहुधा सलाईनची चाचणी करतील: चार तासांत दोन लिटर सलाईन देऊन ॲल्डोस्टेरॉन मोजायचं. एवढं मीठ गेल्यावर निरोगी माणसाचं ते ५ च्या खाली येतं. १० च्या वर राहिलं तर ते आपल्याच मर्जीने चाललं आहे हे सिद्ध होतं. ज्याचं हृदय किंवा किडनी कमजोर आहे त्याला हे सलाईन देत नाहीत, कॅप्टोप्रिल देऊन पाहतात.

मग प्रश्न येतो एका बाजूची गाठ की दोन्ही ग्रंथी. एका बाजूचं असेल तर दुर्बिणीने ती ग्रंथी काढता येते, आणि बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतात. दोन्हीकडचं असेल तर ऑपरेशन नाही, औषध. इथे सीटी स्कॅनवर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. चाळिशीनंतर ॲड्रिनलमध्ये निरुपद्रवी गाठी सर्रास दिसतात. डाव्या बाजूला गाठ आणि हार्मोन उजवीकडून, असंही असतं. खात्री होते ती दोन्ही ॲड्रिनल शिरांतून वेगवेगळं रक्त घेऊन. ही तपासणी अवघड आहे. उजवी शीर आखूड असते, थेट शरीराच्या मुख्य शिरेत उघडते आणि सुई-नळी तिथे नेमकी पोचवणारे हात थोडे आहेत. म्हणून कुठे करायची हे ठरवताना तिथे ती नेहमी होते का, एवढं विचाराच. आणि एक प्रश्न स्वतःला आधीच विचारा: ऑपरेशनची तयारी आहे का? नसेल तर ही तपासणी करून घेण्यात अर्थ नाही, सरळ औषध सुरू करावं.

औषध म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन. जुनं, स्वस्त, आणि आपल्याकडे ज्याच्या वाट्याला उगाच उपेक्षा आली असं. २०१५ च्या पाथवे-२ या ब्रिटिश अभ्यासात तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीवर चौथी गोळी म्हणून स्पायरोनोलॅक्टोन, बिसोप्रोलॉल आणि डॉक्साझोसिन यांची तुलना झाली. स्पायरोनोलॅक्टोन स्पष्टपणे पुढे निघालं, आणि ज्यांचं रेनिन जितकं कमी तितका त्याचा गुण जास्त. पुरुषांत स्तन दुखणं किंवा वाढणं हा त्याचा त्रास होतो; तेव्हा एप्लेरेनोन देता येतं. तुम्ही टेल्मिसार्टन घेत असल्यामुळे सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन आठवडाभरात आणि पुन्हा महिन्याने तपासायचं. पोटॅशियमची पुरवणी चालू असेल तर ती तेव्हा थांबवावी लागते. या काळात बीपी उतरलं एवढ्यावर समाधान मानू नये. रेनिनही जागं झालं पाहिजे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत, औषध घेऊनही ज्यांचं रेनिन दबलेलंच राहिलं त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. रेनिन वर आलेल्यांचा धोका साध्या बीपीच्या पेशंटइतकाच होता.

इतका खटाटोप का, बीपी उतरल्याशी कारण, असं कुणी म्हणेल. कारण ॲल्डोस्टेरॉन दाबाच्या पलीकडेही नुकसान करतं. हृदयाच्या स्नायूत आणि रक्तवाहिन्यांत ते व्रण धरवतं. तेवढंच बीपी असलेल्या इतर पेशंटशी तुलना केली तर या आजारात हृदयाची लय बिघडण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट आणि पक्षाघाताची अडीच पट आढळली आहे.

आता पॅकेज. बीपीच्या प्रत्येक माणसात प्रत्येक हार्मोन मोजणं म्हणजे कधीतरी काहीतरी चुकीचं लाल रंगात छापून घेणं. थायरॉइड एकदा पाहायला हरकत नाही. ते कमी असेल तर खालचा आकडा वाढतो, जास्त असेल तर वरचा. टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिनचं इथे काम नाही. सकाळचं एकटं कॉर्टिसॉल तर निव्वळ फसवं. कुशिंगची, म्हणजे कॉर्टिसॉल फार वाढण्याच्या आजाराची, शंका असेल, जसं की चेहरा गोल, पोट वाढलेलं पण हातपाय बारीक, त्वचेवर जांभळे पट्टे, तर रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम देऊन सकाळी कॉर्टिसॉल तपासतात. ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं की विषय मिटला. त्याआधी मात्र विचारायचं: दम्याचा किंवा सांधेदुखीचा कुठला 'रामबाण' पुडीतला उपाय चालू आहे का? त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. अचानक घाम, धडधड आणि डोकेदुखीचे झटके येत असतील तर रक्तातलं मेटानेफ्रिन (ॲड्रिनॅलिनपासून बनणारा पदार्थ) तपासावं, तेही अर्धा तास पडून राहून. झटके नसताना हौसेने केलं तर बहुतेक वेळा निघतं ते खोटं वाढलेलं.

रेनिन आणि ॲल्डोस्टेरॉन दोन्ही वाढलेले असतील तर गोष्ट निराळी. तिथे किडनीची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा. आपल्याकडे तरुण मुलींत ताकायासू आर्टेरायटिस, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार, हे त्याचं महत्त्वाचं कारण आहे, म्हणून विशीतल्या मुलीला बीपी असेल तर दोन्ही हातांवर मोजा आणि नाडी नीट पाहा.

आणि दोन्ही कमी, पोटॅशियमही कमी, बीपी मात्र जास्त? तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो तो ज्येष्ठमधाचा. त्यातलं ग्लिसिरायझिन किडनीतलं कॉर्टिसॉल निकामी करणारं एन्झाइम अडवतं, आणि मग कॉर्टिसॉलच ॲल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं. खोकल्याला दोन दिवस चघळलं तर बिघडत नाही. रोजच्या काढ्यात महिनोन् महिने घेणाऱ्यांत बिघडतं. कोविडनंतर घरोघरी काढे सुरू झाले, काही घरांत ते अजून थांबलेले नाहीत. तुमच्या घरी असेल तर आधी ते बंद करा आणि चाचणी काही आठवड्यांनी करा. तुमचं ॲल्डोस्टेरॉन १८ असल्याने मुख्य कारण ते नसावं, पण पोटॅशियम ३.३ असलेल्या माणसाने ज्येष्ठमध घेऊच नये.

ही चाचणी कुणी करावी याबद्दल मतं झपाट्याने बदलत आहेत. २०२४ च्या युरोपियन हृदयरोग संघटनेच्या मार्गदर्शनात बीपीची खात्री झालेल्या सर्व प्रौढांत तिचा विचार करावा असं आहे, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही बीपी असलेल्या सगळ्यांत ती सुचवली. शास्त्र म्हणून मला हे पटतं. आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशाला ते झेपणार नाही हेही दिसतं. म्हणून निदान इतक्यांनी तरी करावी: तीन गोळ्यांवरही बीपी न उतरणारे, पोटॅशियम कमी असलेले, चाळिशीच्या आत बीपी सुरू झालेले, ॲड्रिनलची गाठ योगायोगाने सापडलेले, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असलेले, कमी वयात हृदयाची लय बिघडलेले, आणि ज्यांच्या घरात चाळिशीआधी कुणाला बीपी किंवा पक्षाघात झाला आहे ते. तुम्ही यातल्या तीन गटांत बसता.

तोपर्यंतचं काम एवढंच. फिजिशियनला विचारून पोटॅशियम क्लोराइडचं सिरप सुरू करा. एकट्या शहाळ्यावर भिस्त ठेवू नका, आत ॲल्डोस्टेरॉन चालू असताना ते पुरत नाही. एक ईसीजी काढून घ्या. छातीत धडधड झाली किंवा पायांतली ताकद गेल्यासारखं वाटलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता कॅज्युअल्टीला जा. पुन्हा रक्त द्याल तेव्हा कागदावर लिहून ठेवा: उठलात किती वाजता, रक्त दिलंत किती वाजता, कोणत्या गोळ्या चालू होत्या आणि त्याच दिवशीचं पोटॅशियम किती. एंडोक्रायनॉलॉजिस्ट रिपोर्टच्या आधी तो कागद मागतील.